ओढा सुधारला, तरी कोहो सॅमनची पिल्ले खुरटलेलीच का राहतात?

वॉशिंग्टन, ऑरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्निया या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत ओढ्यांच्या पुनरुज्जीवनाचे काम करणाऱ्या गटांपुढे एक अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. ओढ्यात ओंडके टाकलेले असतात, काठावर विलो आणि अल्डरची झाडे लावलेली असतात, गुरांना अडवण्यासाठी कुंपण घातलेले असते आणि पिल्लांची संख्याही वाढलेली दिसते. पण उन्हाळा संपताना मोजमाप घेतले, की पिल्ले आधीइतकीच, क्वचित आधीपेक्षाही लहान भरतात. पुढच्या वर्षी आणखी ओंडके टाकले जातात आणि निकाल तोच येतो. हे लेखन अशा गटांत काम करणाऱ्या, किंवा त्या भागात राहून स्वयंसेवक म्हणून मोजणीला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. उदाहरणे प्रामुख्याने कोहोची घेतली आहेत, कारण हा मासा समुद्रात जाण्यापूर्वी साधारणपणे एक पूर्ण वर्ष ओढ्यातच वाढतो आणि त्यामुळे अधिवासातील प्रत्येक उणीव त्याच्या अंगावर उमटते. स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट) आणि चिनूक (सॅमनचीच दुसरी जात) यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

पिल्लाचा आकार हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. उन्हाळ्याअखेरीस मोठी असलेली पिल्ले हिवाळ्यातील पूर आणि उपासमार यांतून तगण्याची शक्यता बहुधा अधिक असते, आणि वसंतात सुमारे दहा सेंटीमीटर लांबीची होऊन समुद्राकडे निघालेली पिल्ले लहान पिल्लांपेक्षा समुद्रात अनेकदा अधिक टिकतात. म्हणून पिल्ले नुसती मोजून थांबणे पुरेसे नसते.

आधी मोजमापच तपासावे

वाढ खुंटली आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ती खरोखर खुंटली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. सॅमन तळाच्या खडीत अंडी घालतात; पिल्ले त्या खडीतून बाहेर कधी पडतात हे अंडी असताना पाण्यातून मिळत गेलेल्या एकूण उष्णतेवर अवलंबून असते, त्यामुळे थंड वर्षी ती उशिरा बाहेर येतात आणि त्याच तारखेला लहान दिसतात. एका वर्षीची मोजणी ऑगस्टच्या सुरुवातीला आणि दुसऱ्या वर्षीची सप्टेंबरच्या अखेरीस झाली असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे सरासरी. मोठी पिल्ले खालच्या अंगाला निघून गेली तर उरलेल्यांची सरासरी लांबी घटते, आणि लहान पिल्ले मेली तर एकाही माशाची वाढ न होता सरासरी वाढते. म्हणून एकाच माशाला दोनदा मोजणे हा खरा उपाय आहे. साधारण साडेसहा सेंटीमीटरपेक्षा लांब पिल्लांना 12 मिलिमीटरचा पिट टॅग, म्हणजे प्रत्येक माशाला स्वतंत्र क्रमांक देणारी, शरीरात बसवायची बारीक इलेक्ट्रॉनिक खूण, बसवता येतो. त्याहून लहान माशांसाठी छोटे टॅग मिळतात, पण त्यांचा अँटेनावर वाचला जाण्याचा पल्ला कमी असतो. टॅगवरून ओळखलेल्या माशाचे दोन्ही वेळचे वजन हाती असले, की त्या दोन वजनांच्या नैसर्गिक लॉगॅरिथममधील फरकाला मधल्या दिवसांनी भागून आणि शंभराने गुणून रोजच्या वाढीचा टक्का काढता येतो. हा टक्का लहान माशात स्वभावतःच मोठा असतो, त्यामुळे तुलना सारख्या आकाराच्या माशांतच करावी.

लांबीबरोबर वजन घेण्याचा कंटाळा करू नये. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतचे अंतर. ग्रॅममधील वजनाला सेंटीमीटरमधील लांबीच्या घनाने भागून शंभराने गुणले, की फुल्टनचा अंगलट निर्देशांक मिळतो. तो एकाच्या आसपास किंवा थोडा वर असेल तर मासा भरलेला आहे, आणि एकाच्या बराच खाली गेला तर तो उपाशी आहे असे ढोबळमानाने समजावे. लहान पण भरलेला मासा आणि लहान व रोडावलेला मासा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

येथे एक इशारा द्यायला हवा. या किनाऱ्यावरील कोहोचे अनेक गट संकटग्रस्त प्रजातींच्या संघीय कायद्याखाली येतात (मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील गट तर त्यातील अधिक गंभीर वर्गात आहे), त्यामुळे परवान्याशिवाय मासे हाताळू नयेत. पाणी 18 अंश सेल्सिअसच्या वर असताना विद्युत्प्रवाहाने मासे पकडणेही संघीय मार्गदर्शक सूचनांना धरून नाही. नेमकी वाढ खुंटते त्या उन्हाच्या दिवसांत ही अट आडवी येते, म्हणून मोजणी पहाटे ठेवावी किंवा जाळे वापरावे.

लहान पिल्ले हे यशाचेही लक्षण असू शकते

वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनच्या पश्चिम भागातील 30 ओढ्यांच्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओंडके टाकलेल्या पट्ट्यांत कोहोच्या पिल्लांची दाटी शेजारच्या न सुधारलेल्या पट्ट्यांपेक्षा उन्हाळ्यात सुमारे 1.8 पट आणि हिवाळ्यात सुमारे 3.2 पट आढळली. ओंडक्यांमुळे डोह खोल होतात, आडोसा मिळतो आणि पिल्ले तेथे येऊन राहतात. पण ओंडके टाकल्याने कीटकांची पैदास त्याच प्रमाणात वाढेलच असे नाही. तेवढ्याच अन्नावर अधिक तोंडे आली, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

दाटी आणि वाढ यांचे नाते सरळ रेषेचे नसते, हे येथे ध्यानात ठेवावे. ओढ्यातील सॅमन कुळातील माशांत वाढीची सर्वांत मोठी घट दर चौरस मीटरला एकापेक्षा कमी मासे असतानाच, म्हणजे ओढा आपल्या डोळ्यांना रिकामा वाटत असतानाच, होऊन जाते. त्यापुढे दाटी वाढली तरी वाढीचा दर फारसा घटत नाही. म्हणून 'येथे गर्दी कुठे आहे' हा युक्तिवाद पुरेसा नाही. पट्ट्यातील सर्व पिल्लांचे एकूण वजन काढावे. माशांची संख्या दुप्पट झाली आणि एकूण वजनही बरेच वाढले, तर ओढा अधिक मांस तयार करतो आहे आणि तक्रारीला तितकेसे कारण नाही. संख्या वाढली पण एकूण वजन जागच्या जागी राहिले, तर निवारा सुधारला आणि कोठार तेवढेच राहिले, असे म्हणावे लागेल. माझ्या मते बहुतेक गटांची अडचण या दुसऱ्या प्रकारात मोडते.

तापमान आणि अन्न यांची एकत्र तपासणी

तापमान मोजणे सोपे आहे, म्हणून दोष बहुधा त्याच्याच माथी मारला जातो. पण पिल्लाची वाढ म्हणजे खाल्लेल्या अन्नातून चयापचय, पोहणे, भांडणे आणि उत्सर्जन यांचा खर्च वजा जाता उरलेली शिल्लक होय, आणि तापमान हा त्या हिशेबातील जमा व खर्च या दोन्ही बाजू हलवते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नानाइमो येथील संशोधन केंद्रात ब्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉकाय सॅमनच्या पिल्लांवर केलेले, 1969 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग या विषयाचा पाया मानले जातात. पोटभर अन्न दिलेली पिल्ले सुमारे 15 अंशांना सर्वांत जोमाने वाढली. पण अन्न कमी करत नेले तसतसे वाढीचे सर्वोत्तम तापमान खाली सरकत गेले, आणि शरीराच्या वजनाच्या रोज दीड टक्का एवढेच अन्न मिळताना ते 5 अंशांच्या आसपास आले. ऊन पाण्यात शरीर चालवण्याचा खर्चच इतका वाढतो, की अपुऱ्या अन्नातून वाढीसाठी काही उरत नाही.

त्यामुळे नोंदयंत्रावरचा 17 अंश हा आकडा एका ओढ्यात वरदान ठरतो, तर दुसऱ्यात घातक. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला असलेल्या शास्ता नदीला शास्ता या ज्वालामुखी पर्वताच्या झऱ्यांचे थंड आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी मिळते; त्यावर पाणवनस्पती माजतात आणि त्यांत कीटक व इतर बारीक जीव विपुल असतात. तेथे कोहोची पिल्ले वेगवेगळ्या तापमानाच्या ठिकाणी वाढवून पाहिली असता सर्वाधिक वाढ अन्नाने समृद्ध, पण तुलनेने उष्ण ठिकाणी दिसून आली. याचा अर्थ उष्णतेला मर्यादाच नाही असा मात्र घेऊ नये. त्याच राज्यातील मॅटोल नदीच्या उपनद्यांच्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षातील सर्वांत उष्ण आठवड्याच्या दैनिक कमाल तापमानांची सरासरी 18 अंशांच्या वर असलेल्या एकाही प्रवाहात कोहो आढळला नव्हता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2003 मध्ये वायव्येकडील राज्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही पिल्लांच्या मुख्य वाढीच्या जागांसाठी याच पद्धतीने काढलेली 16 अंशांची मर्यादा सुचवलेली आहे.

दोष अन्नाचा की उष्णतेचा, हे ओळखण्यासाठी वाढीचे महिनावार पत्रक मांडणे ही मला सर्वांत उपयोगी पद्धत वाटते. मे-जूनमध्ये पाणी 11 ते 13 अंशांवर आणि प्रवाह भरपूर असतानाही वाढ मंद असेल, तर उष्णतेला दोष देता येत नाही. अन्न कमी आहे. वसंतात वाढ चांगली होऊन जुलै-ऑगस्टमध्ये थांबत असेल आणि ऑक्टोबरमध्ये पाणी थंड होताच पुन्हा सुरू होत असेल, तर उष्णता किंवा आटलेला प्रवाह यांच्याकडे पाहावे. उन्हाळ्यात पिल्लांची पोटे भरलेली सापडत असूनही अंगलट निर्देशांक घसरत असेल, तर खर्चाची बाजू वाढली आहे. पोटातील अन्न मासा न मारता, भूल देऊन पाण्याच्या हलक्या धारेने बाहेर काढून पाहता येते. हे काम अर्थातच प्रशिक्षित माणसाने परवान्याखालीच करावे. नोंदयंत्रे सावलीत, वाहत्या पाण्यात आणि तासागणिक नोंद घेणारी असावीत, व त्यांतील निदान एक खोल डोहाच्या तळाशी आणि एक झऱ्याच्या मुखाशी ठेवावे, कारण मासे सरासरी तापमानात राहत नाहीत, विशिष्ट जागी राहतात.

सावलीचा प्रश्न याच तपासणीत येतो आणि तो दिसतो तितका सोपा नाही. जंगलतोडीनंतर उगवलेली दाट, एकसारख्या वयाची झाडी प्रवाहावर पूर्ण छत धरते. प्रकाश पोचत नाही म्हणून शैवाल कमी होते, शैवालावर जगणारे कीटक कमी होतात आणि पाणी उत्तम थंड असूनही पिल्ले उपाशी राहतात. उत्तर कॅलिफोर्नियातील क्लामथ आणि स्मिथ नद्यांच्या खोऱ्यांतील, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काठावरील पानझडी झाडीचे छत उघडल्यावर तेथील सॅमन कुळातील माशांचे एकूण वजन वाढले. मात्र एवढ्यावरून करवत हाती घेऊ नये. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावरील कार्नेशन क्रीक या ओढ्याच्या दीर्घ अभ्यासात वृक्षतोडीनंतर पाणी किंचित ऊन झाले, कोहोची पिल्ले कित्येक आठवडे आधी खडीतून बाहेर आली आणि वाढायला अधिक अवधी मिळाल्याने मोठीही झाली. पण समुद्राकडेही ती आधी निघाली, आणि त्या अकाली प्रस्थानामुळे त्यांचे समुद्रातील टिकणे घटले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. जेथे पाणी थंड आहे आणि छत अखंड आहे, तेथे मोजक्या जागी प्रकाश येऊ देणे एवढाच विचार करावा.

तळाचा गाळ: सर्वाधिक दुर्लक्षित कारण

बारीक गाळ अंड्यांना गुदमरवतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच अंडी उबवण्याच्या जागांपलीकडे गाळाकडे कोणी पाहत नाही. पिल्लांच्या वाढीवरील त्याचा परिणाम उत्तर कॅलिफोर्नियातील साऊथ फोर्क ईल नदीत स्टीलहेडच्या पिल्लांवर केलेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने फार स्पष्टपणे दाखवला. तळातील गोटे कमी-अधिक प्रमाणात गाळात रुतवून तयार केलेल्या पट्ट्यांत पिल्ले सोडली असता गाळ वाढेल तशी वाढ सरळ रेषेत घटत गेली. कारण असे, की स्वच्छ गोट्यांच्या फटींत आणि पृष्ठभागावर राहणारे मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांसारखे कीटक प्रवाहात वाहून येतात आणि पिल्लांच्या तोंडी लागतात, तर गाळ भरल्यावर त्यांची जागा बिळे करून तळात दडणारे जीव घेतात. तळाचा नमुना घेतला तर जीव भरपूर दिसतील, पण ते माशाच्या उपयोगाचे नसतात. शिवाय गोट्यांचा आडोसा गेल्यामुळे पिल्ले एकमेकांना सतत दिसतात, अधिक पोहतात आणि अधिक भांडतात. म्हणजे जमा घटते आणि खर्चही वाढतो.

या प्रयोगातून हाती लागलेली कामाची गोष्ट अशी, की परिणाम अमुक पातळीनंतर सुरू होतो असा उंबरठा त्यात दिसला नाही. थोडा गाळ निरुपद्रवी असतो, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. पण उलट बाजूने, थोडा गाळ कमी केला तरी त्याचा थोडा लाभ मिळतो.

तपासणी साधी आहे. उथळ, खळाळत्या भागात मुठीएवढे पन्नास-साठ गोटे यदृच्छया उचलून प्रत्येकाचा किती भाग गाळात रुतला होता हे नोंदवावे आणि हीच नोंद वरच्या अंगाच्या, रस्ता ओलांडण्यापूर्वीच्या पट्ट्यातही घ्यावी. दोहोंत ठळक फरक असेल तर उगम बहुधा त्या मधल्या टप्प्यातच सापडतो: जंगलातील मातीचा रस्ता, त्याच्या कडेचे थेट ओढ्यात उतरणारे गटार, तुंबून बाजूने फुटलेली रस्त्याखालची मोरी किंवा गुरांनी तुडवलेला काठ. अशा वेळी पात्रातला गाळ उपसत बसणे व्यर्थ आहे. रस्त्याचे पाणी वाटेतच झाडीत वळवणे, मोरी बदलणे किंवा वापरात नसलेला रस्ता मोडून टाकणे यांवर तोच पैसा खर्च करावा. मोरी दुरुस्त केल्याचे छायाचित्र ओंडक्यांइतके देखणे येत नाही आणि निधी मागताना ते आड येते, हे मी जाणून आहे.

प्रवाह आटणे

पिल्लू प्रवाहातील संथ जागी उभे राहून शेजारच्या वेगवान धारेतून येणारे अन्न टिपते. धार मंदावली की दर मिनिटाला समोरून जाणारे कीटक कमी होतात, आणि दोन डोहांमधला खळाळ कोरडा पडला की हा पुरवठा थांबतो. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यातल्या रशियन नदीच्या उपनद्यांत उन्हाळ्याअखेरीस हे दृश्य नेहमीचे आहे. येथे ओंडके टाकून काही साधत नाही. काठच्या विहिरी व उपसा यांच्या वेळा बदलणे किंवा हिवाळ्यात साठवलेले पाणी उन्हाळ्यात वापरणे, हाच मार्ग उरतो. खळाळांतील पाण्याची खोली जूनपासून दर आठवड्याला एकाच ठिकाणी मोजून ती वाढीच्या पत्रकाशेजारी ठेवावी.

पट्ट्याबाहेर पाहणे

सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नसेल, तर ते बहुधा आपण मोजत असलेल्या पट्ट्याबाहेर असते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीच्या पुराचे पाणी वळवणाऱ्या योलो बायपासमध्ये 1998 आणि 1999 या वर्षी चिनूकची पिल्ले मुख्य नदीतल्या पिल्लांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढली, कारण पसरलेले उथळ पाणी अधिक ऊन होते आणि त्यात पिल्लांचे अन्न असलेले कीटक कितीतरी अधिक होते. पुढे त्याच परिसरात भाताच्या कापणीनंतर धसकटांची शेते हिवाळ्यात पाण्याखाली ठेवून त्यात चिनूकची पिल्ले वाढवण्याचे प्रयोग झाले. सडणाऱ्या धसकटांवर सूक्ष्मजीव, त्यांवर प्राणिप्लवक आणि त्यावर पिल्ले अशी ती साखळी चालते. कोकणातल्या भातखाचरांत पावसाळ्यात मासे चढताना पाहिलेल्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही.

कोहोच्या बाबतीत हीच भूमिका पात्राबाहेरची डबकी, जुनी सुटलेली पात्रे आणि बीव्हर या झाडे कुरतडून बांध घालणाऱ्या प्राण्याने केलेली तळी पार पाडतात. मुख्य पात्र सरळ करून दोन्ही बाजूंनी बांध घातलेला असेल, तर आतल्या सुधारणेला मर्यादा पडणारच. आणि ती पाणथळ जागा शिल्लक असली, तरी पिल्लाला तेथवर जाता आले पाहिजे. अलास्कातील ब्रिस्टल बे परिसरातल्या बेअर क्रीक या ओढ्यात कोहोची पिल्ले खालच्या, थंड भागात सॉकायची अंडी खाऊन पोट भरतात आणि पचनासाठी शेकडो मीटर, काही तर किलोमीटरभर, वर ऊन पाण्यात जातात. असा फेरा करणारी पिल्ले एकाच जागी राहणाऱ्यांपेक्षा वेगाने वाढतात. एका जागी अन्न आणि दुसऱ्या जागी योग्य तापमान, अशी विभागणी असलेल्या ओढ्यात मधली एक उंचावलेली मोरी दोन्ही जागा निकामी करू शकते. प्रौढ सॅमन जी पायरी सहज उडी मारून ओलांडतो, ती सहा-सात सेंटीमीटरच्या पिल्लाला भिंतीसारखी असते, म्हणून मोरीची तपासणी उन्हाळ्यातील किमान प्रवाहात आणि पिल्लाच्या मापाने करावी.

मृत प्रौढ सॅमनची कलेवरे ओढ्यात टाकून पोषण वाढवण्याचा उपाय अनेकदा सुचवला जातो. वॉशिंग्टनच्या नैऋत्य भागातील, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने पिल्लांची वाढ सुधारली, तर छत उघडण्याच्या वर उल्लेखिलेल्या प्रयोगांत कलेवरांचा तसा प्रभाव दिसला नाही. ज्या ओढ्यात परतणारे प्रौढ मासे फार घटले आहेत तेथे, रोगप्रसाराची खबरदारी आणि राज्याची परवानगी घेऊन, तो करून पाहण्यासारखा आहे. जेथे प्रकाश नाही किंवा तळ गाळाने भरलेला आहे, तेथे मी आधी ते सुधारीन.

कोणताही उपाय योजताना त्याच ओढ्यातला किंवा शेजारच्या ओढ्यातला एक पट्टा मुद्दाम न बदलता ठेवावा आणि उपायाआधीची निदान दोन वर्षांची मोजणी हाताशी असावी, कारण पाऊसमानातील फरकानेच वाढ एका वर्षी दुसऱ्या वर्षापेक्षा बरीच बदलते. कोहोची एक पिढी साधारण तीन वर्षांची असते आणि लागोपाठच्या तीन वर्षी जन्मलेल्या पिल्लांचे वंश बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्र चालतात. त्यामुळे एखादी मोरी बदलल्यानंतर पुढच्याच सप्टेंबरात फरक दिसला नाही, तरी ती मोजणी तिन्ही वंशांची एकेक फेरी होईपर्यंत त्याच तारखांना, त्याच जागी चालू ठेवावी.